सोप्या फारकतीचा घोळ कसा घालावा

राजेहो, तुमचं दोघांचं पटत नाही हे आता साऱ्या गावाला माहीत झालं आहे. तिला माहेरी जाऊन दीड वर्ष होऊन गेलं. पुन्हा नांदायची इच्छा ना तिला, ना तुम्हाला. लेकरू नाही, मारझोड नाही, द्यायच्या-घ्यायच्या पैशांचा आकडाही तोंडी ठरला आहे. म्हणजे प्रकरण अगदीच सोपं होऊन बसलं आहे, आणि हीच काळजीची गोष्ट आहे. असेच गाफील राहिलात तर एखादा वकील हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांचा मिळून एकच अर्ज लिहील, दोघांच्या सह्या घेईल, आणि यंदाची तूर घरी यायच्या आत तुम्ही मोकळे व्हाल. मग गावानं बोलायचं तरी कशावर?

हे उसनं ज्ञान नाही. माझ्या भाच्याचं लग्न मीच जुळवलं होतं, त्यामुळे ते मोडायलाही मलाच नेण्यात आलं. तिथं जे पाहिलं ते तुमच्या कामी यावं, एवढीच इच्छा.

सर्वात आधी, वकिलाकडे जाऊ नका. पानठेल्यावर जा. तिथं खर्रा घोटता घोटता कोणीतरी सांगेलच, "काहून कोर्टाच्या भानगडीत पडता बावा? स्टॅम्पवर लिहून घ्या, झाली फारकत." त्याच्या साळ्यानं तसंच केलेलं असतं. मग तुम्ही तहसीलबाहेरच्या टेबलावर जा. तिथला मजकूर इतका सुंदर असतो की लग्नपत्रिका फिकी पडावी : 'आम्ही उभयता राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता व कोणाच्याही दबावास बळी न पडता...' खाली दोन फोटो, चार अंगठे, नोटरीचा गोल शिक्का. पूर्वी हे शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचं. सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा स्टॅम्प पाचशेवर नेला, त्यामुळे तोच निरुपयोगी कागद आता पाचपट वजनदार झाला आहे. त्याच महिन्यात केंद्राच्या विधी विभागानं लग्नाचे आणि फारकतीचे कागद करणं हे नोटरीचं कामच नाही, असंही बजावलं. पण पानठेल्यावर अशा चिठ्ठ्या पोचत नाहीत.

भाच्याकडे असा कागद होता. पुढं वकीलबाईंनी तो उजेडात धरून वाचला, "अक्षर छान आहे" म्हणाल्या आणि घडी घालून त्याच्याच खिशात ठेवला.

या कागदाची खरी मजा पुढं आहे. त्याच्या भरवशावर तुम्ही दुसरं लग्न करा, वडा-भाताची पंगत उठवा. कायद्याच्या लेखी पहिलं लग्न तसंच उभं असतं. दुसरं रद्दबातल ठरतं, वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची सोय होते. ते टळलं, तरी वीस वर्षांनी तलाठ्याकडे वारसाचा फेरफार घ्यायची वेळ येईल. तेव्हा जिला तुम्ही स्टॅम्पवर सोडलं ती कायदेशीर बायको म्हणून दारात उभी असेल, आणि जिनं तुमच्या पऱ्हाटीत वीस वर्षं निंदण केलं तिचं नाव सातबाऱ्यावर चढायचं नाही. तुम्ही तोवर गेलेले असाल, तेव्हा तुम्हाला त्रास नाही.

(रूढीनं होणारी फारकत कायदा मानतो, हे खरं, पण तशी रूढी समाजात खरोखर चालत आली आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना तर हा कायदा एरवी लागूच नाही, त्यांचं त्यांच्या रूढीनं चालतं. बौद्धांना मात्र तो हिंदूंइतकाच लागू आहे. पण तुम्ही कोण, हे न पाहता शेजाऱ्याची रूढी उचलायला काय हरकत?)

कागदानं भागलं नाही तर समिती आहेच. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली आणि गावोगाव समित्या बसल्या. समझोता घडवायला चांगलीच सोय. तुम्ही मात्र तिथं समझोता करायला जाऊ नका, भाषण ऐकायला जा. लग्नात जेवून गेलेले सगळे येतात. 'आमच्या काळी असं नव्हतं' या वाक्यावर तासभर जातो, आणि ज्या दोघांचं लग्न, त्यांना बोलायची पाळी येईतो लाइन जाते.

इतकं करूनही वकील गाठावाच लागला, तर त्याला खरं सांगू नका. वकीलबाईंनी भाच्याला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारल्या : आधीची कुठली केस, सोनं कोणाकडे आहे, शेती कोणाच्या नावावर. तिन्ही प्रश्नांना तो एकच बोलला, "तसं काही नाही जी." महिनाभरानं निघालं की सोन्याची पोत सोसायटीच्या कर्जाच्या वेळी गहाण पडली होती. म्हणजे मसुदा पुन्हा, टायपिंग पुन्हा, सगळ्यांचं येणं-जाणं पुन्हा.

फीच्या बाबतीतही हुशारी दाखवा. वकिलानं फी सांगितली की, "एवढी?" असं म्हणून उठा, आणि पोटगीत टक्का मागणाऱ्या गावातल्या एखाद्या जाणत्याला धरा. वकिलाला असा टक्का ठरवता येत नाही, बार कौन्सिलचे नियम आडवे येतात. जाणत्याला कसलेच नियम नाहीत. आणि बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, हे १९८७ च्या कायद्यात लिहिलेलं तिच्या कानावर जाऊ देऊ नका. तिचा भाऊ ढोरं विकून फी भरेल, त्यातच खरी शान आहे.

कलम १३-ब ची पहिली अट म्हणजे वर्षभर वेगळं राहणं. यावर भांडायला भरपूर जागा आहे. 'वेगळं' म्हणजे नवरा-बायको म्हणून न नांदणं, छत एक असलं तरी चालतं, असं सर्वोच्च न्यायालय १९९१ मध्येच सांगून बसलं आहे. आपल्याकडे चूल वेगळी आणि अंगण एक, अशी कितीतरी घरं आहेत, त्यांना हे चटकन कळावं. तरी तुम्ही आग्रह धरा, की ती पोळ्याला येऊन गेली, तेव्हा वर्ष पोळ्यापासून मोजा. तसंच अर्ज कुठल्या कोर्टात करायचा, हाही चांगला विषय. लग्न लागलं तिथं, शेवटचं एकत्र राहिलात तिथं किंवा ती सध्या राहते तिथं, कुठंही चालतो. तिन्ही ठिकाणी बस जात असेल तर चौथं ठिकाण सुचवा. आमच्या बहिणीची तक्रार वेगळीच होती : "तिले काय, तिचं अर्धं तिकीट!" मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे प्रत्येक तारखेला सून निम्म्यात येते आणि पोरगा पूर्ण भरतो, हा अन्याय न्यायाधीशांपुढं मांडावा असं तिचं म्हणणं होतं.

पण खरी बहार आंदणाच्या यादीत आहे. टायपिस्ट लिहीत होता : कपाट लोखंडी नग १, पलंग नग १, परात, घमेलं, डब्बे. गाडी व्यवस्थित चालली होती. मग आला पाण्याचा गुंड, पितळी, नग १. त्याच्या गळ्यावर कोरलेलं : 'मामाकडून सप्रेम भेट', खाली लग्नाची तारीख. नाव नाही. मामा दोन. एक तिचा, तो पांढरी टोपी सारखी करत उभा राहिला. दुसरा मी.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आणि राजेहो, मला आठवेना. मी काहीतरी भांडं दिलं होतं एवढं नक्की. गुंड की परात, देव जाणे. तिचा मामा म्हणाला, कोरणाऱ्यानं अक्षरामागे पैसे घेतले म्हणून नाव टाकलं नाही. मी म्हणालो, माझंही तेच कारण असणार. ती तारीख त्या गुंडावर गेली. शेवटी पोरगीच बोलली, "ठेवा त्यायलेच. आमच्या घरी फिल्टर हाये." हे बहिणीच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं तो गुंड ऑटोत घालून वकीलबाईंच्या ऑफिसात पाठवून दिला. पोरीकडच्यांनी उचलला नाही, आम्हीही परत आणला नाही. आता त्यात अशिलांच्या छत्र्या असतात.

समझोत्याच्या अटी मोघम ठेवाव्यात, हे तर सांगायलाच नको. 'रक्कम सोईनुसार देण्यात येईल' हे वाक्य उत्तम. सोय कोणाची, किती हप्ते, चेक की रोख, काही लिहू नका. लेकरू असेल तर 'आईनं पोटगीचा हक्क सोडला' असं ठोकून द्या. लेकराचा हक्क आई-बापाला सोडता येत नाही, ते न्यायाधीश सांगतीलच. रागाच्या भरात पोलीस ठाण्यात सासरच्या छळाची केस (जुनं ४९८-अ, आता न्याय संहितेचं कलम ८५) झालेली असेल, तर आपसांत मिटल्यावर ती आपोआप मिटते असं समजून निवांत बसा. ती मागे घेता येत नाही, रद्द करून घ्यायला नागपूर खंडपीठ गाठावं लागतं. (खरोखर मार खाऊन निघालेल्या पोरीला यातला एकही सल्ला नाही. तिनं आधी ठाणंच गाठावं.)

पहिल्या अर्जानंतर कायदा सहा महिने थांबायला सांगतो. अठरा महिन्यांच्या आत पुन्हा यावं लागतं. अर्ज करण्याआधीच दीड वर्ष वेगळे असाल, मध्यस्थी करून झाली असेल आणि देणंघेणं मिटलं असेल, तर हे सहा महिने माफ करायची मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानं कोर्टाला दिली आहे. वकील तसा वेगळा अर्ज करायचं सुचवतो. तुम्ही म्हणा, "होऊ द्या ना आरामात." सहा महिन्यांत कोणाचं तरी डोकं फिरतंच. शेवटचा हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे दुसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री आकडा वाढवायला किंवा कमी करायला मोकळं रान आहे. चहावाल्याला विचारा, किती जोडपी याच पायरीवरून परत गेलीत.

आणि तारखेला अकरा माणसं न्या. आम्ही क्रूझर केली होती. न्यायाधीशांनी पोरीला विचारलं, "तुमची संमती स्वखुशीची आहे का?" मागून भाऊ म्हणाला, "हो साहेब." त्यांनी पुन्हा तिलाच विचारलं. मागून माझी बहीण म्हणाली, "तिची हाये साहेब, याची विचारा." मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढण्यात आलं. दार लागलं. आत तिसरं कोणी बोलणारं नव्हतं, त्यामुळे दहा मिनिटांत काम आटोपलं. दीड वर्षात ते दोघं कोणाच्या मध्यस्थीशिवाय बोलल्याची ती पहिलीच वेळ असावी.

क्रूझरवाला तोवर दुसरं भाडं घेऊन गेला होता. आमची मंडळी जिकडंतिकडं पांगली. तिचं गाव आमच्या पुढं, रस्ता एकच, आणि संध्याकाळची बसही एकच. ती खिडकीशी बसली, भाचा तीन सीट मागे, मी त्याच्या बाजूला. कंडक्टर आला. भाच्यानं सवयीनं नोट पुढं केली आणि म्हणाला, "दोन फुल, एक हाफ." कंडक्टरनं तिकिटं फाडून त्याच्याच हातात दिली. त्यातलं एक घेऊन तो तीन सीट पुढं गेला, तिला देऊन आला आणि बसला.

थोड्या वेळानं त्यानं वकीलबाईंना फोन लावला. ते हाफ तिकीट एकरकमी पोटगीत धरायचं काय, हे विचारायला.