धनेशाचं तेल आणि काकूचे गुडघे

"धनेशाच्या पिल्लाची चरबी कढवून लावा, आठ दिवसांत सांधेदुखी गायब." हा मेसेज सध्या कोकणातल्या ग्रुपांवर फिरतोय. धनेश म्हणजे हॉर्नबिल, मोठ्या चोचीचा पक्षी. एरवी सोडून दिला असता. पण देवरुखच्या काकूने तो मला पाठवून खाली विचारलं, "तुझी फॉरेस्टवाल्यांशी ओळख आहे ना? बघ मिळतं का." फॉरेस्टवाल्यांकडूनच!

चरबी चोळली की शेक बसतो, घटकाभर बरं वाटतं. तेवढं खोबरेलानेही वाटतं. धनेशाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते, एवढं खरं. त्यातला मोठा, महाधनेश, ते तेल फासून चोच, मान पिवळी करतो. त्याच्या नट्टापट्ट्याचा आपल्या संधिवाताशी काय संबंध?

आणि पिल्लू आणणार कुठून? ढोली फोडूनच ना! विणीच्या वेळी मादी ढोलीत शिरते, विष्ठा आणि फळांच्या चोथ्याने तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. आत तिची उडायची पिसं झडतात. तीन-चार महिने नर वड-उंबराची फळं आणून भरवतो. मेसेज म्हणतो, नर तिला 'कोंडून ठेवतो'. दार ती स्वतः लावते हो! मात्र 'नर मेला की घर बुडालं' हे बरंचसं मान्य करावं लागतं. उडता न येणारी आई एकटी किती पिल्लं जगवणार? म्हणजे तेलासाठी एक नर पाडला की अख्खं बिऱ्हाड गेलं. शिवाय महाधनेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला किमान ३ वर्षं कैद. तिथल्या फरशीवर गुडघे कसे राहतात ते काकूने ठरवावं.

'पिंजऱ्यात आठवडाही जगत नाही, म्हणून लगेच मारावा लागतो' हा तर कहर. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावरचा महाधनेश आठवा. त्याचं नाव विल्यम. १८९४ साली पिल्लू असताना कारवारहून मुंबईला आला, सोसायटीचे सचिव मिलर्ड साहेब यांच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात २६ वर्षं राहिला, १९२० साली गेला. एकदा पेटता सिगार गिळूनही त्याला काही झालं नव्हतं, असं सोसायटीच्या लोकांनीच लिहून ठेवलंय.

'शिंगाला', म्हणजे चोचीवरच्या उंचवट्याला, 'लाखोंचा भाव'? भरीव शिंगाचा, तस्करांचा तो धनेश आग्नेय आशियातला. आपल्याकडच्यांचं शिंग आतून पोकळ.

मेसेजवरचा फोटो तर धनेशाचा नाहीच. तो दक्षिण अमेरिकेतला टूकान आहे.