फोर्झा होरायझन ५ : मागायच्या आधीच सगळं हातात

फोर्झा होरायझन ५ या कार रेसिंगच्या व्हिडिओ गेमला नावं ठेवायची म्हणजे फॅनमंडळींचा रोष ओढवून घेणं आलं. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ९२ गुण, २०२१ च्या गेम अवॉर्ड्समध्ये तीन पारितोषिकं, पहिल्याच आठवड्यात एक कोटीहून जास्त खेळाडू. तरी लिहितोय. कारण या गेमचं तोंड भरून कौतुक करणारे बरेच जण थोड्याच दिवसांत तो बंद करून पुन्हा २००५ च्या 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड' या जुन्या रेसिंग गेमकडे वळलेले मी पाहिलेत. का सोडला विचारलं तर उत्तर एकच, "बोअर झाला यार." एवढा देखणा गेम बोअर का व्हावा, हे मात्र कुणी सांगत नाही.

जे चांगलं आहे ते आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी कमेंटमध्ये तेच ऐकवायला नको. गाडी चालवण्याची मजा अव्वल आहे. स्टिअरिंग व्हील नसलं, साधा गेमपॅड असला, तरी मागची चाकं कधी सुटणार ते बोटांना आधी कळतं. डांबरावरून मातीत उतरलात की आवाज बदलतो, पकड बदलते. गेम बनवणाऱ्या प्लेग्राउंड गेम्स स्टुडिओच्या लोकांनी मेक्सिकोत जाऊन तिथल्या खऱ्या आकाशाचं चोवीस तास चित्रण केलं होतं आणि ते पडद्यावर दिसतं. धुळीचं वादळ समोरून चालून येतं तेव्हा आपोआप ॲक्सिलरेटरवरचं बोट सैल होतं. अपंग खेळाडूंसाठी केलेल्या सोयींबद्दल तर बाकी कंपन्यांनी यांच्याकडे शिकवणी लावावी. ऑफलाइन खेळताना गेमचा वेगच कमी करता येतो, आणि नंतर संवादांना अमेरिकन आणि ब्रिटिश सांकेतिक भाषेचे दुभाषेही आले. मिळालेल्या तीन पारितोषिकांपैकी एक त्यासाठीच होतं आणि ते रास्त होतं.

आता मूळ दुखणं.

गेम सुरू होतो तो मालवाहू विमानातून. ब्रॉन्को ज्वालामुखीवर पडते, मग कॉर्व्हेट, मग जंगलातून पोर्शे, आणि शेवटी मर्सिडीज एएमजी वन. ही गाडी म्हणजे फॉर्म्युला वनचं १.६ लिटरचं इंजिन रस्त्यावर आणलेलं यंत्र, जगात मोजून २७५ बनवलेली. ती तुमच्या हातात पहिल्या काही मिनिटांत! त्यानंतर "तुमची पहिली गाडी निवडा" असं म्हणून समोर काय ठेवतात? नवी सुप्रा, नवी कॉर्व्हेट, नवी ब्रॉन्को. भेटेल तो माणूस तुम्हाला सुपरस्टार म्हणतो. अजून एक रेस जिंकलेली नाही बरं का.

मग सुरू होतो व्हीलस्पिन, म्हणजे बक्षिसांचं लॉटरीसारखं चाक. लेव्हल वाढली, घ्या एक स्पिन. गाडीचे स्किल पॉइंट खर्च केले, घ्या आणखी एक. घर घेतलं, घ्या सुपर व्हीलस्पिन. चाक फिरतं आणि कधी लॅम्बोर्गिनी पडते, कधी पायमोजे, कधी हॉर्नचा एखादा विनोदी आवाज. लॅम्बोर्गिनी आणि पायमोजे एकाच चाकावर, एकाच दिमाखात. पंगतीत पान झाकून "पुरे, पुरे" म्हणणाऱ्याच्या बोटांवरून जिलेबी वाढत जाणारा यजमान असतो ना, तसा हा गेम आहे. आग्रहात प्रेम आहे, पण तिसऱ्या जिलेबीनंतर चव जाते. बघता बघता गॅरेजमध्ये दीडशे गाड्या होतात आणि त्यातल्या शंभर तुम्ही एकदाही चालवलेल्या नसतात.

फुकट मिळालेल्याची किंमत नसते वगैरे प्रवचन मला द्यायचं नाही. मुद्दा गेमच्या रचनेचा आहे. रेसिंग गेममध्ये गाडी ही एकच गोष्ट असते जिच्याशी तुमचं नातं जुळू शकतं. इथे ना धड कथा, ना लक्षात राहील असं पात्र. ते नातं जुळतं कधी? गाडी कमी पडते तेव्हा. पैसे जमवून तिचे टायर बदलता आणि कालचं वळण आज जमतं तेव्हा. होरायझन ५ मध्ये हे घडायला जागाच नाही, कारण तुम्ही कोणतीही गाडी घेऊन रेसमध्ये उतरा, समोरचे स्पर्धक बहुधा तुमच्याच तोलाच्या गाड्या घेऊन हजर असतात. तुम्ही अपग्रेड केलं की त्यांनीही केलं. मग अपग्रेड केलं कशाला? त्यात वरच्या डिफिकल्टीला एक ड्रायव्हाटार, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो स्पर्धक, असा सुटतो की बाकीचे मागे आपापसात धडपडत असतात आणि हा एकटा पुढे क्षितिजावर. चुकलात तर वेळ मागे नेणारं रिवाइंड आहेच.

मोस्ट वाँटेड आठवा. ज्यांनी तो नेट कॅफेत तासावर पैसे मोजून खेळला त्यांना पाठ असेल. तिथेही सुरुवातीला बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर देतात, पण ती रेझर नावाचा खलनायक लबाडीने पळवतो आणि तुम्ही शहरातल्या पंधरा अव्वल रेसर्सच्या यादीच्या, म्हणजे ब्लॅकलिस्टच्या बाहेर उभे राहता. हातात काय, तर फियाट पुंटो नाहीतर शेव्हरोले कोबाल्ट. पोलिसांनी पुन्हा पुन्हा पकडलं तर गाडी कायमची जप्त. त्या गेमचं मला कौतुक आहे म्हणून त्याचे दोष झाकत नाही. त्यातली एआयची कॅच-अप लबाडी होरायझनपेक्षा कितीतरी उघड होती. पार मागे टाकलेला गडी शेवटच्या वळणावर मानगुटीवर बसलेला असायचा. तरी लोक आज वीस वर्षांनी त्या एका निळ्या-चंदेरी बीएमडब्ल्यूबद्दल बोलतात. होरायझन ५ मध्ये सुरुवातीलाच पाचशेच्या आसपास गाड्या होत्या, पुढे त्याहून खूप वाढल्या. त्यातल्या एका गाडीबद्दल अशी आठवण कुणी सांगितली तर मला टॅग करा.

आणि हे त्या स्टुडिओला येत नव्हतं असंही नाही. याच प्लेग्राउंडने २०१२ मध्ये पहिला होरायझन काढला, कोलोरॅडोतला. त्यात तुम्ही एका जुन्या फोक्सवॅगन कोराडोतून होरायझन नावाच्या रेसिंग फेस्टिव्हलला पोचता, कुणीही नसलेले. लोकप्रियतेच्या यादीत २५० वे. मनगटावर पिवळा पट्टा, मग पुढचे रंग एकेक कमवत सोनेरीपर्यंत जायचं, आणि वर डॅरियस फ्लिंट नावाचा एक आगाऊ चँपियन बसलेला. पात्र अगदी उथळ होतं, पण त्याला हरवायची खुमखुमी यायची. पुढच्या भागांत मॅप मोठा होत गेला आणि ही शिडी आखूड होत गेली. पाचव्या भागात शिडी काढूनच टाकली, तुम्ही आधीच गच्चीवर.

आता यातली खरी गंमत बघा. ज्या गेमला तुम्हाला काही नाकारायचा धीर होत नाही, त्याला तुम्हाला पुन्हा बोलवायचं असतं. मग भूक कुठून आणायची? कॅलेंडरमधून. दर गुरुवारी ऋतू बदलतो, नवी फेस्टिव्हल प्लेलिस्ट येते. ठरावीक कामं करा, ठरावीक पॉइंट जमवा, तरच ती ठरावीक गाडी. आठवडा चुकला की गाडी गेली. परीक्षा असो, घरात लग्न असो, आजारपण असो, गेमला देणंघेणं नाही. नंतर तीच गाडी ऑक्शन हाउसमध्ये दोन कोटी क्रेडिटच्या कमाल बोलीला लटकलेली दिसते, आणि तीही सेकंदात उडते. म्हणजे चांगलं चालवता म्हणून नव्हे, हजेरी लावता म्हणून बक्षीस. गाडी चालवण्याच्या गेममध्ये मस्टर! आधी पोट फुटेपर्यंत वाढायचं आणि मग एक वाटी कुलुपात ठेवायची, हे उदारपण नव्हे. मला गेममधली सगळ्यात जास्त चीड याची येते, ग्राफिक्सच्या चुकांची नाही.

मेक्सिकोबद्दलही थोडं. मॅप चौथ्या भागातल्या ब्रिटनपेक्षा दीडपट आहे, अकरा वेगवेगळे प्रदेश आहेत. ग्वानाह्वातोच्या रंगीत गल्ल्या आणि त्याखालचे बोगदे, हे तर या मालिकेतलं सगळ्यात सुंदर शहर. पण ते एवढंसं, आणि त्या तोडीचं दुसरं शहर मॅपवर नाही. बाकी मोकळं रान. त्या रानातून तुम्ही सरळ रेघ मारून जाऊ शकता. निवडुंग, कुंपणं, लहान झाडं सगळं चुराडा होतं, वर त्याचे स्किल पॉइंट मिळतात. रस्ता सोडल्याचं बक्षीस देणाऱ्या गेममध्ये रस्त्याला काय अर्थ उरतो? वळणावर ब्रेक लावणारा वेडा ठरतो. २००६ चा टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड काढून बघा, ओआहू बेटावरचा. ग्राफिक्स आज हसू आणतील, पण तिथे बेट ओलांडायचं तर बहुतेक रस्त्यानेच जावं लागायचं, आणि म्हणून त्या बेटाचे रस्ते ओळखीचे झाले.

एक अपवाद मनापासून सांगतो, व्होचोची स्टोरी, म्हणजे गेममधली कथेसारखी छोटी मोहीम. मेक्सिकोत फोक्सवॅगन बीटलला व्होचो म्हणतात. जगातली शेवटची जुनी बीटल २००३ मध्ये तिथल्याच प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. मेक्सिको सिटीत वर्षानुवर्षं हीच टॅक्सी होती. त्या हळू, खडखडणाऱ्या गाडीतून जाताना पहिल्यांदा वाटतं की आपण कुठल्यातरी देशात आहोत, फेस्टिव्हलच्या मांडवात नाही. गाडी कमी ताकदीची असेल तर भोवतालचं जग दिसतं, हे यांना माहीत आहे. फक्त एका छोट्या स्टोरीपुरतं.

"अरे, दिवसभर ऑफिसमध्ये डोकं पिकतं, घरी आल्यावर अर्धा तास मनासारखी गाडी पळवायची, त्यात कसली आलीय तपश्चर्या?" हा युक्तिवाद मी दहा वेळा ऐकलाय आणि तो मला मान्य आहे. लहान मुलांसोबत खेळायला तर याच्यासारखा गेम नाही. पण त्यासाठी फ्री ड्राइव्ह आहेच ना? कष्टाने वर जायचं करिअर हा वेगळा पर्याय म्हणून ठेवायला कुणी अडवलं होतं? एआय नऊ पातळ्यांची, ब्रेकच्या असिस्टपासून गिअरपर्यंत सगळं हवं तसं बदलता येतं. फक्त गरिबीचा पर्याय नाही.

सहावा भाग जपानमध्ये होणार हे सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये जाहीर झालं तेव्हा माझ्या ग्रुपवर लगेच स्कायलाइन आणि सुप्राचे फोटो पडायला लागले. माझी मागणी साधी होती, पहिली गाडी केई कार, म्हणजे जपानची चिमुकली गाडी द्या. ६६० सीसीचं इंजिन, चढावर धाप लागणारी, घाटात मागच्याने हॉर्न वाजवावा अशी. स्कायलाइन नंतर, मी घाम गाळल्यावर.

पाचशे तास खेळलेल्यांना एकच प्रश्न. होरायझन ५ मध्ये स्वतः पैसे साठवून घेतलेली तुमची पहिली गाडी कोणती होती? व्हीलस्पिनमध्ये पडलेली नको.