विझला की काय?

पाइप ओढणारा माणूस सतत काहीतरी गहन विचार करत असतो, असा माझा समज होता. आता मी स्वतः पाइप ओढतो, त्यामुळे तो विचार कोणता हे खात्रीने सांगू शकतो : विझला की काय?

पाइप भरण्याचं एक शास्त्र आहे. पहिला थर लहान मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या हाताने आणि तिसरा पुरुषाच्या हाताने दाबायचा म्हणे. आमच्या घरात तिन्ही प्रकारचे हात आहेत. मदतीला एकही आला नाही. घट्ट भरला तर गाल आत जातात आणि धूर बाहेर येत नाही. सैल भरला तर वाळक्या गवतासारखा भुर्रकन पेटून राख. शिवाय पहिली काडी हिशेबात धरायचीच नसते. तिने तंबाखू फुगून वर येते, मग ती दाबायची आणि पुन्हा पेटवायची. म्हणजे पहिली काडी सुरुवातीपासूनच वाया जाण्यासाठी जन्माला आलेली. पुढच्या आठ-दहा मात्र माझ्या कर्तृत्वाने जातात.

सुरुवात व्हॅनिलाच्या वासाच्या कॅव्हेंडिश तंबाखूने केली. कॅव्हेंडिश ही पानाची जात नव्हे, पानावरचा संस्कार. वाफवायचं, दाबून ठेवायचं, गोडवा मुरवायचा. मी पेटवली आणि घरभर दरवळ. बायको म्हणाली, "अहो, किती छान वास येतोय!" येत असेल. माझ्या तोंडात नुसती गरम वाफ येत होती आणि ओलसर तंबाखूमुळे पाइप गुडगुडत होता. खर्च माझा, सुगंध तिचा.

मग व्हर्जिनिया. हे पान बंद कोठारात गरम हवेने सुकवतात, त्यामुळे त्यातली साखर टिकते. साखर म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. पण ही तंबाखू अतिशय तापते, आणि नवशिका तर विझायच्या भीतीने इंजिनासारखा धूर काढत असतो. दोन दिवस माझी जीभ तोंडात पाहुण्यासारखी अवघडून बसली होती. जाणकार म्हणतात, हळू ओढा. हळू ओढला की विझतो. यावर जाणकार हसतात.

बर्ली हवेवर सुकवतात, तिच्यात साखर जवळजवळ नसते. जिभेला त्रास नाही म्हणून मी उपाशीपोटीच निवांत पाऊण तास ओढली. धूर छातीत घ्यायचा नाही, हा नियम मी काटेकोर पाळला होता. निकोटिनला तो कुणी सांगितला नव्हता. बर्लीच्या धुरातलं निकोटिन तोंडातल्या तोंडातच रक्तात शिरतं. (कॅन्सरही धूर गिळायची वाट बघत नाही, हे बायकोने त्याच वेळी ऐकवलं.) मी जमिनीवर आडवा होतो आणि जमीन हलू नये म्हणून तिला दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

पेरीक ही तंबाखू अमेरिकेतल्या लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यातली. पिंपांत दाबून महिनोन्‌महिने आंबवतात आणि दुसऱ्या तंबाखूत चिमूटभरच मिसळतात. मी चिमूटभर मिसळली नाही. या विषयावर अधिक काही बोलणार नाही.

शेवटी लताकिया भेटली. सीरियातल्या बंदराचं नाव, आणि पान लाकडाच्या धुरावर धुरावलेलं. डबा उघडताच मुलीने विचारलं, "बाबा, वायर जळतेय का?" बायकोने मेन स्विच बंद केला. त्या अंधारात मी पहिला झुरका घेतला आणि काय सांगू, विझलेल्या शेकोटीजवळ पहाटे बसावं तशी चव! जीभ शाबूत, डोकं जागेवर. एवढ्या हालांनंतर मला माझी तंबाखू सापडली होती.

तेव्हापासून मी बाल्कनीत असतो. तिथे वारा फार. परवा कठड्याला टेकून, पाइप तोंडात धरून, दूर कुठेतरी बघत उभा होतो. मुलगी दारात येऊन थबकली. जरा दबकूनच तिने विचारलं, "बाबा, कसला एवढा विचार करताय?"

"आतून काड्यापेटी आण गं," मी म्हणालो, "ही संपली."