शाम्पूत बायोटिन का नाही? आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

"तीन महिने वापरला, केस गळायचे थांबले नाहीत, टाळू विरळच आहे. बाटलीवर व्हिटॅमिन बी लिहिलंय आणि यादीत बायोटिनच नाही. शुद्ध फसवणूक. आता बायोटिनच्या गोळ्याच सुरू केल्यात," असं लिहून आपण एक तारा दिलात. घटकांची यादी वाचणाऱ्या ग्राहकाला वरवरचं उत्तर देणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बायोटिन, म्हणजे बी ७, आम्ही मुद्दाम घातलेलं नाही. त्याची शरीरात खरोखर कमतरता असेल तर केस गळतात, पण अशी कमतरता क्वचितच आढळते आणि ती शाम्पूने भरून निघत नाही. मिनिटा-दोन मिनिटांत धुऊन जाणाऱ्या फेसातल्या बायोटिनने केस उगवतात, याला भरवशाचा पुरावा नाही. नाव खपतं म्हणून चिमूटभर टाकायचं, हे मला पटत नाही.

आमच्या यादीत आहे ते पॅन्थेनॉल, बी ५ चं पूर्वरूप. ते ओलावा धरून ठेवतं, केसावर पातळ थर देतं, त्यामुळे केस कमी गुंततो आणि विंचरताना कमी तुटतो. सोबत नायसिनामाइड, म्हणजे बी ३, आहे. ते टाळूच्या त्वचेसाठी. पण धुऊन टाकायच्या वस्तूत त्याचा परिणाम लावून ठेवायच्या क्रीमइतका होत नाही, म्हणून बाटलीवर त्याचा गाजावाजा केलेला नाही. केस वाढतील किंवा गळती थांबेल, असंही बाटलीवर कुठेच लिहिलेलं नाही.

एक करून बघा. कंगव्यात आलेला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरा गोळा दिसला तर तो मुळापासून आलाय. गोळा नसलेला आखूड तुकडा असेल तर मधेच तुटलाय. तुटण्यावर पॅन्थेनॉलचा उपयोग होतो. मुळापासून येणाऱ्या केसावर कुठल्याही व्हिटॅमिनच्या शाम्पूचा इलाज चालत नाही. दिवसाला ५० ते १०० केस पडणं तसं नेहमीचंच, पण टाळू विरळ होत चालली असेल तर पुरुषांत त्यामागे बहुतेक वेळा आनुवंशिकता आणि डीएचटी हे हार्मोन असतं. त्यावर मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड अशी औषधं आहेत, ती त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यायची. उपचार लवकर सुरू झाले तर आहेत ते केस टिकण्याची शक्यता जास्त, म्हणून शाम्पू बदलण्यात आणखी महिने घालवू नका, ही कळकळीची विनंती. आमच्या शाम्पूवरही नाही.

आणि गोळ्यांबद्दल. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांसाठीच्या गोळ्यांत ते कित्येक पटींनी जास्त असतं. एवढ्या मात्रेमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. हृदयविकाराच्या झटक्यासाठी होणारी ट्रोपोनिनची तपासणीही त्यात येते, आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. केसगळतीसाठी डॉक्टर अनेकदा थायरॉइड तपासायला सांगतात, तोही आकडा बिघडू शकतो. रक्त देण्याआधी गोळ्या चालू असल्याचं डॉक्टरांना आणि लॅबमध्ये नक्की सांगा.

बाटली परत करायची असेल तर ऑर्डर क्रमांक मेसेजमध्ये पाठवा, पैसे परत मिळतील.