बोर्ड बदला, लायसन्स घालवा

मे महिना आहे, सोलापुरात पारा ४४ च्या आसपास रेंगाळतोय आणि तुमच्या नवी पेठेतल्या दुकानातला कम्प्युटर हिशेबाचं टॅली उघडेपर्यंत गिऱ्हाईक बिल न घेताच निघून जातंय. शेवटी तुम्ही ठरवलंत की मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट तेच ठेवायचं, आत फक्त बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकी सगळं बसतं तो), प्रोसेसर आणि रॅम नवी घालायची. निर्णय उत्तम. आता एवढंच बघायचं, की दहा-एक वर्षांपूर्वी रोख पैसे मोजून घेतलेलं विंडोज चुकूनही या नव्या बोर्डावर चालू होता कामा नये. घाबरू नका, फार कष्ट नाहीत. निम्मं काम तुम्ही खरेदीच्या दिवशीच उरकून ठेवलंय.

आठवा तो दिवस. रॅम किती, हार्डडिस्क किती, स्पीकर फुकट देणार का, माउसपॅड का नाही, यावर तुम्ही पाऊण तास घासाघीस केलीत. विंडोज कुठल्या प्रकारचं देताय, हे मात्र विचारलं नाहीत. शाब्बास. विचारलं असतंत तर कळलं असतं की एक असतं ओईएम, म्हणजे कम्प्युटरसोबत येणारं, स्वस्त आणि त्या एकाच बोर्डाशी जन्माची गाठ बांधलेलं. दुसरं असतं रिटेल. ते महाग, पण जुन्या कम्प्युटरवरून काढून नव्यावर नेता येतं, अट एवढीच की एका वेळी एकाच ठिकाणी. हे माहीत झालं असतं तर तुम्ही विचार केला असता, आणि विचार केला की खर्च वाढतो. त्यापेक्षा बिलावर ‘कम्प्युटर सेट, १ नग’ असं लिहून घेतलंत ते बरं. त्या एका नगात काय काय होतं हे आता देवालाही सांगता येणार नाही.

आजही हे जाणून घ्यायची एक सोय आहे, म्हणून सावध करतो. विंडोजचं बटण आणि ‘आर’ दाबून जी छोटी खिडकी उघडते, तिच्यात इंग्रजीत ‘एसएलएमजीआर’, मग एक जागा, तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ लिहिलं, की लायसन्स ओईएम आहे, रिटेल आहे की कंपन्यांना घाऊक देतात तसलं व्हॉल्यूम, ते समोर येतं. दोन मिनिटांचं काम. जुना बोर्ड चालू आहे तोवर ते अजिबात करू नका. बोर्ड बाहेर निघाला की मग निवांत उत्सुकता दाखवा.

स्टिकरची व्यवस्था वेगळी करायची गरज नाही. पंचवीस अक्षरांची ‘की’, म्हणजे लायसन्सचा परवलीचा क्रमांक, छापलेला तो चकचकीत कागद कॅबिनेटच्या कुशीवर होता आणि दरवर्षी खंडेनवमीला आपण यंत्राची पूजा करतो. हळद, कुंकू, वर नारळाचं पाणी. दहा वर्षांच्या भक्तीनंतर त्या पंचवीसपैकी चार अक्षरं शाबूत असतील, आणि त्यातलं एक ‘बी’ आहे की ‘आठ’ यावर घरात दोन तट पडतील. तुमचा कम्प्युटर ब्रँडेड असेल तर एवढंही करायला नको. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मोठ्या कंपन्या ही ‘की’ बोर्डाच्या बायोसमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये, पुरून ठेवतात. बोर्ड गेला की ती त्याच्यासोबत गेली.

आता मुख्य मुद्दा. विंडोज १० मध्ये २०१६ साली एक गैरसोयीची सोय आली: डिजिटल लायसन्स, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेलं लायसन्स, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला जोडता येऊ लागलं. कॅबिनेट उघडण्याआधी अकाउंटने साइन इन केलं असेल, तर नव्या बोर्डावर सेटिंगमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर, म्हणजे लायसन्स तपासलं जातं तिथं, ट्रबलशूटर उघडायचा, ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललं’ अशा अर्थाचा पर्याय निवडायचा, यादीतून जुना कम्प्युटर ओळखायचा, झालं. रिटेलवाल्याचं काम इथं बसल्या जागी होऊ शकतं. हा धोका टाळायचा तर अकाउंट कधी उघडूच नका. उघडलंच असेल तर ते तुमच्या नावाने नसावं. पुण्याला शिकायला गेलेल्या पुतण्याच्या जुन्या ईमेलवर असावं, आणि पासवर्ड त्या मुनीमजींना ठाऊक असावा जे तीन वर्षांपूर्वी भांडून गेले. रिकव्हरीचा फोन नंबर बंद पडलेल्या सिमचा असला तर दुधात साखर.

मग कॅबिनेट उघडा. अशोक चौकाकडे, यंत्रमागाच्या शेजारी तुमचा कारखाना असेल तर आत पंख्यावर कापसाचं एवढं लिंट जमलेलं असेल की एक उशी भरावी. रॅम वाढवली, हार्डडिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी घातली, तर विंडोज सहसा कुरकुर करत नाही. म्हणून तिथंच थांबू नका. जुन्या कम्प्युटरचं दुखणं बहुतेक वेळा एसएसडीनंच बरं होतं हे खरं असलं, तरी ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही असं समजा.

बोर्ड बदला, कारण मायक्रोसॉफ्टच्या लेखी कम्प्युटर म्हणजे बोर्ड. बाकी सगळं चिल्लर. ओईएमच्या नियमात तर खास गंमत आहे. बोर्ड बिघडला म्हणून बदलला, तर कम्प्युटर तोच; वेग वाढावा म्हणून बदलला, तर कम्प्युटर नवा आणि लायसन्सही नवं घ्या. म्हणजे जळलेला बोर्ड सज्जन आणि म्हातारा झालेला गुन्हेगार. या न्यायाने सोलापूरच्या व्होल्टेजने वॉरंटीच्या मुदतीतच तुमच्यावर कृपा केली असती तर बरं झालं असतं, पण वीज गरज असते तेव्हाच नेमकी सरळ येते.

‘पण पैसे तर मी भरले होते ना?’ हा प्रश्न काउंटरवर विचारू नका, हसं होईल. करारात स्वच्छ लिहिलंय की सॉफ्टवेअर विकलेलं नाही, वापरायला दिलंय. पागडीच्या गाळ्यासारखं आहे ते: रक्कम मालकाची मोजायची, राहायचं भाडेकरूसारखं, आणि भिंत हलवायची तर परवानगी. युरोपात एका कंपनीने भांडून बघितलं, आणि तिथल्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीविरुद्धच्या खटल्यात सांगितलं, की कायमचं लायसन्स विकत घेणाऱ्याला ते पुढं विकता येतं. लक्झेंबर्गचा तो निकाल सोलापूरच्या सात रस्त्यावर दाखवून बघा, चहा मिळेल.

एवढं सगळं जमलं, की नव्या बोर्डावर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ उमटेल. वॉलपेपर बदलायची सेटिंग बंद होईल. आणि तेव्हाच पेनड्राइव्ह घेऊन तो मुलगा येईल. ‘ओ काका, ओरिजनलचं काय घेऊन बसलाय, लाइफटाइम मारून देतो की.’ त्याला बसवा, पाणी द्या. तो सगळ्यात आधी तुमचा अँटिव्हायरस बंद करेल. चोराला आत घेताना कुत्रा बांधावाच लागतो. मग जे तो ‘मारतो’, त्याची मूळ व्यवस्था मोठ्या कंपन्यांसाठी आहे. तिथले कम्प्युटर कंपनीच्याच सर्व्हरला अधूनमधून हजेरी देतात, आणि एका हजेरीवर १८० दिवस चालतात. तुमच्या दुकानात सर्व्हर नाही, म्हणून हा एक खोटा सर्व्हर तुमच्याच मशीनमध्ये बसवतो. लाइफटाइम म्हणजे हे. ज्या मशीनवर तुम्ही जीएसटी भरता, बँकेचं पान उघडता, त्याच मशीनमध्ये कुणी लिहिलंय हे ठाऊक नसलेला प्रोग्रॅम सर्वाधिकार घेऊन राहील. भाडं नाही, कटकट नाही.

कायद्याचं म्हणाल, तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. चोरीची प्रत आहे हे माहीत असून कम्प्युटरवर वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. तुमचं दुकान आहे, धंदाच आहे, तेव्हा ती सवलत शोधत बसू नका. तसा पोलीस चादरीच्या दुकानात विंडोज तपासायला कशाला येईल म्हणा. याच विश्वासावर अख्खा बाजार उभा आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्याने पैसे भरले त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं, आणि ज्याने भरले नाहीत त्याचा कोपरा लख्ख. अ‍ॅक्टिव्हेशनची ही पद्धत २००१ साली विंडोज एक्सपीसोबत आली, ती चोर पकडायला. पंचवीस वर्षांत चोराला तिचा त्रास पेनड्राइव्ह लावण्याएवढा झाला. बिल शोधत, स्टिकर पुसत, मदतीच्या नंबरवर थांबून राहिला तो गिऱ्हाईक. त्यातून शहाणपण शिकायचं तर एकच शिकता येतं, आणि आपला बाजार ते केव्हाच शिकलाय.

पेनड्राइव्ह नको वाटत असेल तर नेटवर चारपाचशे रुपयांत मिळणारी ‘की’ घ्या. कुठल्या कॉलेजच्या किंवा कंपनीच्या घाऊक कोट्यातली असू शकेल, पण पॅकिंग सुरेख असतं. आज चालेल. उद्या ती ब्लॉक झाली तर विकणाऱ्याचं दुकान नव्या नावाने उघडलेलं असेल. तिथून दुसरी घ्या.

एखादा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणेल, लिनक्स टाका, फुकट आहे आणि बोर्ड कितीही बदला. त्याला टॅलीबद्दल विचारा आणि चेहरा बघत बसा.

राहता राहिला जुना बोर्ड, आणि त्याच्यासोबतची जुनी हार्डडिस्क. बोर्ड फेकू नका. त्याला टीपीएम २.० नाही (ही सुरक्षेची सोय), प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा, म्हणजे विंडोज ११ त्याला रीतसर दारात उभं करत नाही. आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशी वस्तू नात्यातच द्यावी. जुळे सोलापूरला दाजी आहेत, त्यांच्या मुलीचं ऑनलाइन काम असतं. हार्डडिस्क पुसायच्या भानगडीत पडू नका, विंडोज आहे तसंच राहू द्या. म्हणजे तुमचं रिटेल निघालंच आणि नव्या बोर्डावर बसलंच, तर एकच लायसन्स दोन्हीकडे होईल. दाजींनी कधी ते पुन्हा टाकायला घेतलं आणि सर्व्हरने नाकारलं, तर जेवायच्या वेळी फोन येईल.

उचला आणि सांगा, ‘दाजी, एकदा बंद करून चालू करा की.’