इंटरप्ट, म्हणजे बाहेरच्या भागानं प्रोसेसरला मारलेली हाक, कुठं जातो हे चिपच्या मार्गदर्शकात पहिल्या पानावर लिहायला काय जातं?

काल रात्री साडेअकराला वरूडकडच्या एका संत्र्याच्या बागेत, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीसमोर मी मांडी घालून बसलो होतो. लॅपटॉप मांडीवर, टॉर्च दातात. या आठवड्यात पंपाची थ्री फेज रात्रीची आहे, सकाळी जाते. काकाजी घोंगडं पांघरून बाजूला उभे. "भाऊ, काऊन चालू नाही होऊन राहिलं?" दर पाच मिनिटांनी हाच प्रश्न, आणि माझ्याकडे उत्तर नाही. बागेला दुरून पाणी सोडणाऱ्या आमच्या कंट्रोलरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकायचा, विझायचा, मग पुन्हा दोनदा. व्हॉल्व्ह उघडायचं नावच नाही.

आंबिया बहाराचा ताण तोडायचं पाणी होतं ते. ताण दिलेली, म्हणजे फुलोऱ्यासाठी पाणी तोडलेली, झाडं वाट पाहत उभी असतात. तो जास्त लांबला तर पानं गळतात, आणि पाणी द्यायला वीज आहे ती रात्रीच. थंडीत, रानडुकरांच्या वाटेवर, कोणी बागेत जाऊ नये म्हणून तर हा कंट्रोलर बनवला आम्ही! आणि तो बंद पडला कशामुळे, तर एका बिटमुळे.

जुनी चिप मिळेना म्हणून या वर्षी कॉर्टेक्स-एम३३ प्रोसेसरची घेतली. तिच्यात ट्रस्टझोन आहे, म्हणजे एकाच चिपमध्ये भिंत घालून केलेल्या दोन बाजू: सिक्युअर आणि नॉन-सिक्युअर. रिसेटनंतर प्रोसेसर सिक्युअर बाजूला उठतो, बूटलोडर (सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम) तिथंच चालतो, अपडेटवरची सही तपासतो आणि मग नॉन-सिक्युअर बाजूच्या ॲप्लिकेशनला हवाली करतो. ही कल्पना मला मनापासून पटते. कोणीही उठून चुकीचं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) टाकावं आणि लोकांच्या मोटारी रात्रभर चालवाव्यात, असं होता कामा नये. त्या भिंतीवर माझा राग नाही. ती ओलांडताना कुठं काय लागतं ते धड लिहून न ठेवणाऱ्यांवर आहे.

जुन्या बूटलोडरमध्ये ॲप्लिकेशनकडची उडी साधी होती. व्हेक्टर टेबलमधून, म्हणजे ॲप्लिकेशनच्या सुरुवातीच्या पत्त्यांच्या यादीतून, स्टॅक पॉइंटर उचलायचा, रिसेट हँडलरचा (जिथून ते सुरू होतं त्या फंक्शनचा) पत्ता घ्यायचा, फंक्शन पॉइंटर करून बोलवायचं. तोच कोड इथं टाकला की सिक्युअरफॉल्ट, म्हणजे भिंतीचा नियम मोडल्याची चूक. का? या प्रोसेसरच्या कोडच्या (थंब कोडच्या) पत्त्याचा शेवटचा बिट एरवी १ असतो, पण पलीकडे जायचं तर बीएलएक्सएनएस सूचना हवी आणि तो बिट ० हवा. कंपायलरला एमसीएमएसईचा (सिक्युअर बाजूच्या कोडसाठीचा) पर्याय द्यायचा, पॉइंटरला नॉन-सिक्युअर कॉलचं ॲट्रिब्यूट लावायचं, पलीकडचा एमएसपी (स्टॅकचा पत्ता) आणि व्हीटीओआर (व्हेक्टर टेबलचा पत्ता) आधी भरायचा. यात माझे चार दिवस गेले. तरी मी त्यावर चिडलो नाही, कारण तिथं चिप बोलते. एसएफएसआर, म्हणजे चूक कोणती ते सांगणारं रजिस्टर, वाचला तर हेक्स १० मिळालं, म्हणजे चुकीच्या वाटेनं पलीकडे उडी. पुढं हेक्स ४८ आलं, म्हणजे एसएयूमध्ये (कोणता पत्ता कोणत्या बाजूचा ते ठरवणाऱ्या भागात) पेरिफेरलचा पट्टा नॉन-सिक्युअर म्हणून मांडायचा राहिला होता, आणि कोणत्या पत्त्यावर अडलं तेही एसएफएआर या शेजारच्या रजिस्टरमध्ये. चूक दाखवली की माणूस दुरुस्त करतो.

कालची चूक बोललीच नाही.

नव्या बोर्डावर मोडेम दुसऱ्या यूएआरटीवर (सिरियल पोर्टवर) गेला. ॲप्लिकेशन त्या यूएआरटीचा इंटरप्ट चालू करतं. रात्री डीबगर लावला आणि एनव्हीआयसीच्या (इंटरप्ट सांभाळणाऱ्या भागाच्या) एनेबल रजिस्टरमध्ये हातानं १ लिहिला. परत वाचला तर ०. पुन्हा लिहिला. पुन्हा ०. ना फॉल्ट, ना एरर, ना काही! मोडेमचं उत्तर पोचत नाही, ॲप्लिकेशन वाट पाहतं, अडकलेली चिप रिसेट करणाऱ्या वॉचडॉगची वेळ संपते, रिसेट होतो आणि दिवा दोनदा लुकलुकतो.

कारण असं की प्रत्येक इंटरप्ट मुळात सिक्युअर बाजूचा असतो. तो पलीकडे द्यायचा तर बूटलोडरनं एनव्हीआयसीच्या आयटीएनएस रजिस्टरमध्ये त्याचा बिट १ करायचा. न केला तर नॉन-सिक्युअर बाजूचं लिहिणं गुपचूप गिळलं जातं आणि वाचलं की शून्य मिळतं. आणि तो आयटीएनएसही नॉन-सिक्युअर बाजूनं वाचला तर शून्यच. शेतातल्या चिपमध्ये सिक्युअर डीबग बंद ठेवलेलं असतं, ठेवायलाच पाहिजे. मग जिथं चूक आहे तिथंच बघता येत नाही.

हे मॅन्युअलमध्ये आहे हो, हजाराहून जास्त पानांच्या पोटात. पण ज्या चिपकंपनीनं उदाहरण दिलं, तिनं तो बिट पार्टिशनच्या (दोन बाजूंच्या वाटणीच्या) हेडर फाइलमध्ये ठेवलाय, एका आकड्याच्या रूपात, आणि त्यांचं उदाहरण यूएआरटीवर पोलिंगनं, म्हणजे हाकेची वाट न पाहता स्वतःच सारखं विचारत, बोलतं. इंटरप्टचा प्रश्नच येत नाही! आम्हीही टेबलावर पोलिंगवाल्या टेस्ट फर्मवेअरनंच मोडेम तपासला, तो चालला. "ॲप्लिकेशन जे इंटरप्ट वापरेल ते आधी इकडून सोडा" हे एक वाक्य उडीच्या फंक्शनच्या वर लिहिलं असतं तर? ज्यांना हे सगळं माहीत आहे त्यांनाच कळेल असं लिहायचं, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी बागेत रात्र काढायची. कोणत्या तोंडानं याला मार्गदर्शक म्हणता?

सुधारणाही दुरून होत नाही. चूक बूटलोडरमध्ये, तो सिक्युअर फ्लॅशमध्ये कुलूपबंद, आणि ॲप्लिकेशनच्या अपडेटनं त्याला हात लागत नाही. लागू नये, म्हणूनच तर बंद केला. म्हणजे प्रत्येक बोर्ड खोलून, प्रोग्रामर जोडून, तिथं बसून करायचं.

काल शेवटी काकाजींनी व्हॉल्व्ह हातानं उघडला. "तुम्ही जा, झोपा जरा," म्हणाले, आणि स्वतः वीज जाईपर्यंत तिथंच शेकोटी करून बसले. त्यांचं वय सत्तरच्या पुढे आहे. बागेत कोणाला जावं लागू नये म्हणून घेतलेल्या यंत्राची राखण करत.

आज दुपारी आयटीएनएसची ओळ टाकली, हेडरमध्ये मोठ्या अक्षरात शेरा लिहिला, आणि त्यांच्या बोर्डावर चालवून पाहिलं. पहिल्याच झटक्यात मोडेम बोलला. अकरा बोर्ड लागलेत, दोन झाले. नऊ बागा अजून बाकी आहेत आणि आजही वीज रात्रीचीच आहे.