आर्यभटाची पृथ्वी सूर्याभोवती नव्हे, स्वतःभोवती फिरते

‘कोपर्निकसच्या हजार वर्षे आधी आर्यभटाने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगितले, पुढच्या सर्व भारतीय ज्योतिषांनी ते मानले आणि ज्ञानेश्वरांनी तेच ओवीत मांडले’ अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर पुन्हा पुन्हा येतो. त्यातली पहिली दोन विधाने चुकीची आहेत, तिसरे अर्धे खरे आहे.

हजार वर्षांचा हिशेब तेवढा बरोबर आहे, कारण आर्यभटाचा ‘आर्यभटीय’ हा ग्रंथ इ. स. 499 चा आणि कोपर्निकसचा ग्रंथ 1543 चा. परंतु आर्यभटाने पृथ्वीला दिलेली गती परिवलनाची आहे, परिभ्रमणाची नाही. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला स्थिर वस्तू जशा मागे जाताना दिसतात, तसे लंकेत, म्हणजे विषुववृत्तावर, स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे तो ग्रंथाच्या गोलपाद या भागातल्या नवव्या श्लोकात म्हणतो. एका युगातली पृथ्वीची आवर्तने त्याने 1,58,22,37,500 दिली आहेत आणि त्याच श्लोकात सूर्याचे भगण, म्हणजे ताऱ्यांमधून होणाऱ्या फेऱ्या, 43,20,000 सांगितले आहेत. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की युगाचे सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे दिवस, मिळतात, आणि त्यावरून पृथ्वीच्या एका आवर्तनाला 23 तास 56 मिनिटे 4.1 सेकंद लागतात असे निघते. आजचे माप सेकंदाच्या दशांशापर्यंत हेच आहे. ही कामगिरी इतकी मोठी आहे की तिच्यावर न केलेल्या कामगिरीचे ओझे लादलेले मला सहन होत नाही.

पृथ्वीची जागा कोणती, हेही आर्यभटाने संदिग्ध ठेवलेले नाही. कालक्रियापादात ताऱ्यांच्या खाली शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध आणि चंद्र असा क्रम लावून, सर्वांच्या खाली अवकाशाच्या मध्यभागी पृथ्वी ‘मेधीभूता’ आहे, असे तो लिहितो. मेधी म्हणजे खळ्यातला तिवडा, मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. सूर्य या बैलांच्या पातीत आहे आणि कोणत्याही टोकाकडून मोजला तरी चौथाच येतो. ग्रहांची दिसणारी जागा काढण्याच्या ‘शीघ्र’ नावाच्या गणितात सूर्याची मध्यम, म्हणजे सरासरी, गती येते, म्हणून त्यामागे सूर्यकेंद्री कल्पना असावी, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. पण तो तर्क झाला, ग्रंथात तसे वचन नाही.

आता मान्यतेविषयी. परिवलनसुद्धा पुढच्यांना पटले नाही. पृथ्वी फिरत असती तर आकाशात गेलेले ससाणे आपल्या घरट्यांकडे परतले असते का, असा आक्षेप वराहमिहिराने घेतला. एका प्राणात, म्हणजे चार सेकंदांत, पृथ्वी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, सरकत असेल तर उंच वस्तू कोसळत का नाहीत, असे ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये विचारले. हे प्रश्न अडाणीपणाचे नव्हेत. जडत्वाची कल्पना हाती नसताना त्यांना उत्तर देणे फार अवघड होते. आर्यभटाच्या मूळ वचनातल्या ‘भूः’ (पृथ्वी) या शब्दाऐवजी ‘भम्’ (तारा) असा पाठ घेऊन पुढे पृथ्वीची गती ताऱ्यांच्या माथी मारली गेली. नवव्या शतकातला पृथूदकस्वामी परिवलनाच्या बाजूने बोलला, पण तो अपवाद. भास्कराचार्यांनी तर सिद्धांतशिरोमणीत (इ. स. 1150) ‘भूरचला स्वभावतः’ असे स्पष्ट लिहिले आहे.

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात ‘जैसें न चलतां सूर्याचें चालणें’ हे शब्द खरोखरच आहेत, आणि त्याआधी नावेत बसलेल्याला थडीवरचे रुख वेगाने जाताना दिसतात, हा दृष्टान्तही आहे. आर्यभटाची नाव आणि ही नाव शेजारी ठेवली की मन हरखते. मात्र ओवीचा विषय नैष्कर्म्य, म्हणजे कर्म करत असूनही अकर्ता असणे, हा आहे, आणि सूर्याचे चालणे हा भास असेल तर त्यासाठी पृथ्वी स्वतःभोवती फिरणे पुरते. ती सूर्याला प्रदक्षिणा घालते, असे ओवी म्हणत नाही.

सूर्यकेंद्राच्या जवळ जाणारी भारतीय मांडणी पाहायची असेल तर इ. स. 1500 च्या सुमाराच्या केरळात, नीलकंठ सोमयाजी या खगोलज्ञाकडे जावे लागते. त्याने बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाचही ग्रह सूर्याभोवती फिरवले, अशीच मांडणी करणाऱ्या युरोपीय खगोलज्ञ टायको ब्राहेच्या कितीतरी आधी. त्या पाचांना घेऊन सूर्य मात्र पृथ्वीभोवतीच फिरत राहिला.